माश्या वारायला बसलो होतो

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो सिनेमा मी पुण्याच्या कॅम्पात सहा वेळा पाहिला. उघडंबोडकं माळरान, एक घोडा, एक बंदूक आणि तोंडातल्या तोंडात बोलणारा एक माणूस. निम्मं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. पण घोड्याचा पाय मोडतो, तो माणूस त्याच्या कपाळावर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि एकच गोळी झाडतो, तिथं भाषा लागायची नाही. थिएटरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. पुरुष असावा तर असा, असं मला मनापासून वाटायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत माले या आमच्या गावी घरी आलो, तो त्याच्यासारखा पाय फाकवून चालतच. आई म्हणाली, "कंबर धरली का रं तुजी?" मी वडिलांची ठासणीची बंदूक उचलली आणि डुकराच्या निमित्तानं डोंगराला लागलो.

चढणीवर आमच्या रानात राहणारा धनगर भेटला. वयानं वडिलांएवढा, पण झोपडं आमच्या जमिनीत, म्हणून मला मालक म्हणायचा; मी त्याला नाना म्हणायचो. हिरड्याची पोती तट्टावर लादून तो पौडाला विकायला न्यायचा. त्या दिवशी तट्टू घसरून पडलं होतं. पोती आणि खोगीर त्यानं उतरवून ठेवलं होतं. तट्टाचा पुढचा पाय वाकडा झाला होता, अंगाला घाम सुटला होता.

ही माणसं असं जनावर टाकत नाहीत. पाला वाटून लावतात, बांबूच्या कांबट्या बांधतात, महिना-दोन महिने हातानं चारा घालतात. असली लंगडी तट्टं पुन्हा ओझं वाहताना मी लहानपणापासून पाहिली होती. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटायची सोय नाही.

"मालक, मी पाला नि कांबट्या घिऊन येतो," तो म्हणाला. "तवर जरा माश्या वारा तेच्या."

तो गेला. मी चार वेळा माश्या वारल्या. मग लक्षात आलं, डोंगरावर चिटपाखरू नाही, पुढ्यात पाय मोडलेलं जनावर आहे आणि हातात बंदूक आहे. असा योग पुन्हा कधी आला असता? मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याला वाटलं मीठ आणलंय, ते माझा तळहात चाटायला लागलं. मी डोळे मिटले आणि बार काढला.

छर्रे जबड्यात बसले.

ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे टाका, गजानं ठासा. मी घाई केली आणि दारू गवतातच सांडली. तट्टू किंचाळतच होतं. सिनेमात दुसऱ्या गोळीचा प्रश्नच आला नव्हता.

बार ऐकून तो पळत आला, हातात पाला तसाच. खाली बसून त्यानं तट्टाचं डोकं मांडीवर घेतलं. मला एक शिवी हासडली असती तरी बरं झालं असतं. ती त्याला परवडणारी नव्हती.

"आता उरका मालक," तो म्हणाला. "लई हाल हुत्यात तेचं."

दुसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवले.

"पाय मोडला व्हता, नाना," मी म्हणालो. "सोडवलं मी तेला."

तो सवयीनं पायावरून बोटं फिरवत होता. वर, खाली, पुन्हा वर. "मोडल्याला न्हाई वो," तो हळूच म्हणाला. "सांदा नुसता निखळला व्हता." माझी चूक दाखवल्याबद्दल त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

एक पोतं त्यानं तिथूनच पाठीवर घेतलं. पुढची कित्येक वर्षं तो असाच वाकून पौडाला जायचा, आणि आमच्या दारासमोर आला की तेवढ्यापुरती मान वर करून रामराम घालायचा.

एखाद्या भल्या माणसाच्या मनातून तो सिनेमा उतरला असता. माझ्या उतरला नाही. सुट्टी संपताच मी तो सातव्यांदा पाहिला. आता तो घरबसल्या दिसतो, आणि मी अजून बघतो. त्या एका गोळीला दर वेळी मला रडू येतं. तट्टासाठी येतं का, हे मी स्वतःशी तपासून पाहिलंय. तट्टासाठी येत नाही, त्या घोड्यासाठी येतं. सून टॉवेल आणून देते आणि नातवंडांना सांगते, आजोबांना मुक्या जनावरांचा फार कळवळा. मी त्या टॉवेलानं डोळे पुसतो.