दुःखाच्या घरी बोंबललेला टेप

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

बाबांच्या मोटरसायकलला नव्वदच्या दशकात बसवलेला टेप आहे. गेल्या आठवड्यात कराडला त्याला ब्लूटूथ जोडून घेतलं. चावी काढली तरी टेप चालू राहावा म्हणून तार थेट बॅटरीवर घ्यायला मीच सांगितलं. तेवढी चूक माझी.

आज पाटणजवळ बाबांच्या लष्करातल्या सोबत्याच्या घरी भेटायला गेलो. ते काका नुकतेच वारले. मागे चुलतभाऊ बसला होता. वाटेत त्यानं स्वतःचा फोन जोडून गाणी लावली.

गाडी दारात लावून आम्ही माणसांत बसलो. काकू रडत रडत काकांचा शेवटचा दिवस सांगत होत्या, आणि टेप बोंबलला. कुणीतरी खदाखदा हसतंय, मागं ढिंगचॅक गाणं. काकू बोलायच्या थांबल्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

माझा फोन बंद होता. शेजारी बघितलं तर भाऊ मांडीआड फोन धरून व्हिडिओ बघत होता. आवाज बंद आहे असं त्याला वाटलेलं. त्यानं फोन खिशात सारला आणि सगळ्यांदेखत मलाच म्हणाला, "दुःखाच्या घरी तरी टेप बंद करून यायचं न्हवं, गड्या?"

चार माणसांनी माना हलवल्या. मी बाहेर जाऊन तार उपटली. किळस आली मला भावाची.

निघताना माझ्या तोंडून सवयीनं "येतो" निघणार होतं, तर त्यानंच मला कोपरानं ढोसलं. दुःखाच्या घरी तसं म्हणायचं नसतं. रीत त्याला बरोबर पाठ होती.