सोपानकाका आणि सरपंचांचं नाक

"नाक मोठं होतं आमच्या बापाचं. ह्ये काय सुपारी बसवली?"

वारंगा फाट्यावरच्या सोपानकाकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी शाळेच्या जीपची वाट बघत बसले होते, तेव्हा हे कानावर आलं. जवळच्या गावातल्या एका वारलेल्या सरपंचांचा पुतळा काका काळ्या दगडात घडवत होते. थोरला मुलगा फोटो हातात धरून तक्रार करत होता. धाकट्याचं म्हणणं वेगळंच. "नाक बराबर हाय दादा. गाल जास्त झालेत." काकांनी गाल उतरवले. पुढच्या खेपेला थोरल्याला कान मोठे वाटले. मग हनुवटी. दोघं भाऊ येत गेले आणि बाप झिजत गेला.

"दगडात कमी करता येतंय, वाढवता येत न्हाई," काका शेवटी म्हणाले. "नाक पाहिजे असल तर दुसरा बाप आणा."

भाऊ फोटो घेऊन गेले, ते परत आले नाहीत.

सोपानकाका त्याआधी मारुती करायचे, नंदी करायचे. काम वेळेवर कधीच नसे. गिऱ्हाईक दारात दिसलं, की मान वर न करता म्हणत, "हात लावू नका. कच्चं हाय अजून." माणसं झटक्यात मागे सरत. डोळे न उघडलेल्या मूर्तीला हात जोडायलाही लोक बिचकायचे. चहाबद्दलही काकांचं हेच मत असे. "कच्चा हाय," म्हटलं, की काकू कप उचलून आत न्यायच्या आणि तोच चहा थोड्या वेळाने परत आणायच्या. "आता बराबर हाय," काका म्हणत.

सरपंचांचा उरलेला दगड मात्र काकांनी टाकला नाही. पाणी ओतून घासत बसले. उरलंसुरलं नाक गेलं, ओठ गेले, आणि एके दिवशी बसलेल्या गाईच्या पाठीसारखा एक गुळगुळीत उतार तेवढा तिथे राहिला. काका खूश झाले. मारुतीची कामं मागे पडली. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "देव करायचं सोडून अंडी घालून राहिला ह्यो माणूस."

"हे काय हाय?" असं फाट्यावर प्रत्येकजण विचारायचा. जीपवाल्याला काका म्हणत, "तुझ्या जीपचं पोट." एका म्हातारीला म्हणाले, "काई न्हाई माय, बसून राहिलाय." मी मात्र विचारलं नाही. शाळेत मराठी बोललं की बाई ओरडत, घरी इंग्रजी बोललं की सगळे हसत. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायची सवय लावून घेतली होती. काकांनी त्याचा भलताच अर्थ काढला. "ह्या पोरीनं एकदा बी इचारलं न्हाई. तिला समजतंय." ही कीर्ती हॉटेलापर्यंत पोचली. मला काहीएक समजत नव्हतं. उन्हाळ्यात त्या दगडाची एक बाजू गार असायची आणि तिथे हात ठेवून बसावंसं वाटायचं, एवढंच.

तो पहिला दगड त्यांनी कौतुकाने बाहेर लिंबाखाली ठेवला. शनिवारी त्याला शेंदूर लागला, नारळ फुटला. काका दारात उभे राहून बघत राहिले. बोलणार कुणाला? सगळी त्यांचीच गिऱ्हाइकं. संध्याकाळी मला म्हणाले, "शेंदूर लागला की दगड संपला बघ. मग बघत न्हाई कोणी, नुसते पाया पडतेत."

नंतर त्यांनी एक मोठा दगड घेतला. माझी शाळा संपली, मी नांदेडला कॉलेजात गेले, तरी तो चालूच होता. सुट्टीत गेले की काका हातातलं पाणी झटकत म्हणत, "ह्याला तेवढा देव होऊ देऊ नका." काकू म्हणायच्या, "आधी संपवा तर खरं."

काका गेले. दिवस झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले, तर शेडपुढे गर्दी. हॉटेलवाल्या रामकिसनभाऊंनी जीपवाल्यांना हाताशी धरून मोठा दगड लिंबाखाली, जुन्याच्या शेजारी आणला होता. हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी, वरच्या खिशात मारुतीचे पत्र्याचे डोळे. "सोपानदादाची आठवण राहील," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. काकू तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या मायेने आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

"हिला इचारा, हिला समजतंय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"व्हय की! सांग बाई," रामकिसनभाऊंनी शेंदरात बोट बुडवलं. "मारोतीच हाय न ह्यो?"

सगळे माझ्याकडे वळले. नेहमीसारखी मी खाली बघणार होते. पण लाल बोट दगडाजवळ पोचलं होतं.

"हात लावू नका!"

इतक्या मोठ्याने मी त्या फाट्यावर कधी बोलले नव्हते. रामकिसनभाऊ झटक्यात मागे सरले. मग मी जरा हळू म्हणाले,

"कच्चं हाय अजून."