फाळक्यावरचं नाव

आमच्या घरात रंगाच्या डब्याचं झाकण मी उघडायचं नाही, असा ठराव एकमतानं झालेला आहे. अनुमोदन माझ्या बायकोचं.

प्रकरण दादांच्या पिकअपचं. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, मुखेडजवळ शेती करतात. त्यांची मुलगी पल्लवी जन्मली त्याच आठवड्यात त्यांनी ही गाडी घेतली आणि मागच्या फाळक्यावर पेंटरकडून ‘पल्लवी’ लिहून घेतलं. तेवीस वर्षांत पत्रा गंजला, एक दार दोरीनं बांधायची वेळ आली, पण नाव शाबूत होतं. आता तिचं लग्न ठरलं. तिचा संसार (कपाट, पलंग, भांडी) याच गाडीतून सासरी शिरूर अनंतपाळला न्यायचा, हा दादांचा हट्ट.

गाडी रंगवायला पेंटरला सवड नव्हती. मला होती! वीस वर्षं शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या माणसाला एक गाडी जड आहे का?

“सुभाष, आम्ही माहूरला देवीची ओटी भरून उद्या सांजच्याला येतो,” दादा म्हणाले. “परवा सकाळी सामान भरायचं हाय. बाकी गाडीचं काय बी कर, पर त्या नावाला धक्का लावू नको.”

“बिनघोर जा, दादा!”

“तू असं म्हणलास की लई घोर लागतो बघ.”

ते पल्लवीला आणि वहिनींना घेऊन गेले. मी पॉलिश पेपरनं गंज घासायला घेतला, तर गंजाबरोबर पत्राही गेला! दाराला पडलेल्या भोकातून पलीकडं बायको दिसली.

“काय करून राहिले?”

“पुट्टी भरून राहिलो.”

“थोडी डोक्यात बी भरा.”

मी लक्ष दिलं नाही. नावाला धक्का नको म्हणून फाळक्यावर सरसकट रुंद चिकटपट्टी मारली (वर आणखी एक थर, खात्रीसाठी!) आणि बाकी गाडी हिरवीगार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ऐटीत पट्टी ओढली. फर्र! नाव पट्टीला आणि गंज फाळक्याला.

घाईघाईनं फाळका पिवळा केला, उन्हात वाळवला. पाच वाजता काळा रंग घेऊन नाव लिहायला बसलो. ‘प’ झकास आला. तेवढ्यात फोन वाजला.

“मुखेडच्या स्टँडावर उतरलोत,” दादा म्हणाले. “ऑटोनं येतो. नाव हाय ना?”

“हाय की!”

घाईत ‘ल्ल’ वाकडा गेला. आणि वीस वर्षांच्या सवयीनं मी तो तळहातानं पुसला! फळा असता तर गेला असता. हा ओला ऑइलपेंट! गेला तो ‘प’ला घेऊन, हातभर काळा फराटा ओढत.

दारात ऑटो थांबला. मी फाळक्याला पाठ टेकवून उभा राहिलो.

“दादा, आधी चहा घ्या.”

“बाजूला हो.”

“दमला असाल.”

“सुभाष, बाजूला हो.”

मी झालो. अर्धा फराटा माझ्या सदऱ्यावर आला होता, अर्धा फाळक्यावर होता. दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फाळक्यापाशी उकिडवे बसले.

“तीन दिवसांची होती,” ते हळूच म्हणाले, “तवा लिवून घेतलं होतं.”

मला रडूच यायला लागलं. लग्नघरात पोरीचं नाव पुसणारा चुलता मीच! पल्लवीनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

“काका, तुम्हीच शिकवलंय ना मला? डाग पडला की गिरवत बसायचं न्हाई, बाजूच्या कोऱ्या जागेत लिहायचं.”

तिनं फराट्याशेजारी आपलं नाव लिहिलं. ठसठशीत, सरळ. दादांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, “त्या फराट्याला आता हात लावलास तर बघ.”

शिरूर अनंतपाळला सामान उतरवताना व्याही फाळक्यापाशी थबकले.

“अक्षर लई देखणं हाय हो!”

“पोरीनं सोता लिवलंय,” दादा छाती फुगवून म्हणाले.

“आणि बाजूला हे काळं काय?”

दादांनी माझ्याकडं बघितलं.

“ती तिच्या गुरुजींची सही हाय.”