गोठलेला खांदा

माझे मोठे काका शहाद्याजवळ केळी करतात. ऐन उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात वर जाईनासा झाला. सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही काकू लागायची. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून ‘फ्रोझन शोल्डर’ असं सांगितलं. बाहेर पेशंटांची गर्दी होती, म्हणून काका काही न विचारता घरी आले आणि ऐकलेले शब्द त्यांनी मोबाइलला सांगितले. मोबाइलने मराठीत उत्तर दिलं : गोठलेला खांदा.

काकांनी पहिल्यांदा पंखा बंद केला. मग माठातलं गार पाणी पिणं सोडलं. दुपारी सगळा गाव सावली शोधत असताना हे अंगणात खाट टाकून, खांदा उघडा करून उन्हात बसायला लागले. काकू पंख्यासाठी शेजारच्या घरी जाऊन बसायची. शेवटी तिनेच मला फोन केला, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि मोबाइलवर उघडलेलं आजाराचं पान मराठीत होतं.

मी गेलो तेव्हा काका घामाने निथळत होते. मी मोबाइल हातात घेतला. सुरुवातीलाच ‘आसंजक संपुटशोथ’ असं लिहिलं होतं.

“म्हंजे काय?” काकांनी विचारलं.

“मलाही कळत नाहीये.”

“तू ते मराठीना मास्तर शे ना?”

मी पुढे वाचू लागलो. या आजाराचे तीन टप्पे होते. पहिला गोठण्याचा, दुसरा गोठलेला, आणि तिसरा वितळण्याचा.

काका ताडकन उठले आणि ओसरीच्या सावलीत गेले. “वितळी गया ते हात कोठे ऱ्हाई?”

मी समजावून पाहिलं, पण संपुटशोथ न समजलेल्या माणसावर ते कशाला विश्वास ठेवतील? त्यांनी काकूकडून खांद्याला जुनं धोतर करकचून बांधून घेतलं. खांदा निसटलाच तर धोतरात राहील, असा हिशोब होता. तशाच अवस्थेत मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी धोतर सोडलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसू आवरत म्हणाले, “काका, खांदा आखडी जायेल शे. हालाडशात तसा सुटत जाई. टाईम लागी, पन सुटी.”

“आखडना?” काका माझ्याकडे वळले. “मंग आखडना असं लिखाले काय व्हयनं त्यास्ले?”

डॉक्टरांनी व्यायाम दाखवला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि पालीसारखी बोटं हळूहळू वर चढवायची. काका शेतातून आले की हात न धुताच भिंतीपाशी उभे राहायचे. बोटांना केळीचा चीक असायचा, आणि त्याचे डाग कशानेच जात नाहीत. काकूच्या नव्या पोपटी भिंतीवर तपकिरी बोटं उमटायला लागली. आधी छातीएवढ्या उंचीवर, मग डोक्याएवढ्या. काकूने एकदा बोलून पाहिलं, तर काका म्हणाले, “डाक्तरनी सांगेल शे.”

थंडी पडेपर्यंत बोटं खुंटीच्याही वर पोचली. काका आपल्या हातांनी सदरा घालू लागले. तेव्हा काकूने बाजारातून पोपटी रंगाचा डबा आणि कुंचला आणला नि त्यांच्यासमोर ठेवला.

“आते हात पोचस ना?” ती म्हणाली. “मंग रंगाड भित.”

काकांनी खालची अर्धी भिंत रंगवली, आणि वरच्या भागासाठी खांदा आखडल्याचं सांगून मला बोलावून घेतलं.