उपासाला चालणारा रस

तो रस उपासाला चालतो, हे वाक्य माझं. कंपनीच्या माहितीपुस्तकात ते नव्हतं. तिथे हृदयाचं आरोग्य, दिवसभर टिकणारी ऊर्जा, अँटिऑक्सिडंट असलं काय काय छापलेलं होतं आणि बायकांसमोर ते म्हणताना माझी जीभ अडखळायची. मग एका हळदीकुंकवात कुणीतरी विचारलं, "उपासाला चालतो का हो?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं? फळांचाच तर आहे!" त्या दुपारी घरात होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या गेल्या.

दोन हजार सालानंतरची वर्षं होती ती. आमचे हे देवासला कारखान्यात. कॉलनीत बहुतेक सगळी नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं. मुलं शाळेत हिंदी बोलायची, घरी मराठी, आणि खेळताना भांडण झालं की "ए भिया, तमीज से!" असं सुरू व्हायचं. ती शाळेत गेली की दुपार अंगावर यायची. अशा एका दुपारी मागच्या गल्लीतल्या एक ताई घरी आल्या. त्यांच्याकडे गडद जांभळ्या रसाची बाटली होती, परदेशी बेरींच्या रसाची. त्यांनी ग्लासातल्या पाण्यात आयोडीनचे थेंब टाकले, पाणी तपकिरी झालं. मग त्यात त्याच कंपनीची कसलीशी कॅप्सूल फोडून टाकली, पाणी लख्ख. "रस घेतला की तुमच्या रक्तात हेच होतं," ताई म्हणाल्या. मी शास्त्र शिकलेली बाई, बी.एस्सी., तरी तोंड उघडं टाकून बघत बसले.

महिन्याभरात मीच तो ग्लास घेऊन घरोघर फिरायला लागले. माझा विश्वास होता का? खरं सांगायचं तर मी स्वतःला कधी विचारलंच नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीची मीटिंग असायची, बाटल्या जास्त विकल्या की आपलं नाव पुकारायचे, लोक टाळ्या वाजवायचे. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

माझं माहेर धारचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आमच्या घराण्यात पूर्वी दरबाराचं दफ्तर सांभाळायचं काम होतं. दादा मात्र सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. आई, ते आणि माझा भाऊ असे तिघं एकत्र राहत. काही वर्षांपूर्वी दादांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी गोळ्या बांधून दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ, पोटात काहीतरी घालून, एकही चुकवायची नाही.

दादांना झटक्याचं एवढं काही वाटलं नाही, पण त्या गोळ्यांनी त्यांचा चातुर्मास गेला ह्याचं फार वाटलं. तारुण्यापासून ते चार महिने एकभुक्त राहायचे, दिवसातून एकदाच जेवायचे, आणि एकादशीला निर्जळी. गोळ्यांमुळे संध्याकाळी पोळीचा तुकडा तरी तोंडात घालावा लागे. औषधाला शास्त्रात सूट आहे, असं आई सांगायची. "सूट घेऊन नेम करायचा तर न केलेला बरा," असं ते म्हणायचे. आषाढ लागला की चिडचिडे व्हायचे. भाजीला नावं ठेवायचे, जी त्यांनी एरवी कधी ठेवली नाहीत.

मी बाटली घेऊन गेले तेव्हा दादांनी ती उजेडात धरून बघितली. "म्हणजे जांभूळ-करवंदाच्याच जातीचं की गं हे!"

"अहो दादा, परदेशी आहे. हृदयासाठी खास."

"उपासाला?"

"चालतं की."

चहाच्या चमच्याने त्यांनी थोडासा घेतला. तोंड वाकडं केलं, पण बाटली देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. माझा मान ठेवला, असं मला वाटलं.

आषाढात एका सकाळी त्यांचा फोन आला. मी मीटिंगला निघाले होते, रिक्षा दारात उभी. दादा फोनवर कधी पाल्हाळ लावायचे नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "ह्या चातुर्मासात गोळ्या बंद ठेवून फक्त हा रस घेतला तर चालेल का? तू शिकलेली आहेस, म्हणून विचारतो."

ह्यात गैरसमजाला जागा नव्हती. प्रश्न स्वच्छ होता. मला डॉक्टरांना विचारा म्हणता आलं असतं. थांबा, मी धारला येते, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चालेल की दादा. हार्टसाठीच तर आहे." रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

आईने विरोध केला होता म्हणे. दादांनी तिला सांगितलं, लेकीला विचारलंय.

नवरात्राच्या आधी मी त्यांना देवासला आणलं. हौसेनं आणलं, हे कबूल करते. हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांना माइकसमोर उभं केलं. धोतर, काळी टोपी, ताठ कणा. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "तीन महिने मी गोळी घेतलेली नाही. कितीतरी वर्षांनी माझा नेम अखंड चालू आहे." ताईंनी त्याचं हिंदी करून सांगितलं. सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. त्या दिवशी दादा इतके खूश होते की येताना त्यांनी स्टँडवर मुलांना शेव घेऊन दिली, एकभुक्त असल्यामुळे स्वतः मात्र खाल्ली नाही.

दिवाळी झाल्यावर, चातुर्मास संपायला थोडेच दिवस राहिले असताना, ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. भावाने गाडी करून इंदूरला नेलं. मी देवासहून पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते, नाकात नळी, चेहरा राखेच्या रंगाचा. आई पायाशी बसलेली. भाऊ कागद धरून उभा. तेच जुने डॉक्टर आले आणि फाईल बघून चिडले. "गोळ्या बंद होत्या ना? कुणी सांगितलं बंद करायला?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मी भिंतीवरच्या स्विचकडे बघत होते. तीन पांढरे, एक लाल. मला रडू आलं नाही, घाम फुटला नाही, काहीच झालं नाही.

दादा म्हणाले, "कुणी नाही. मीच विसरत होतो. वय झालं."

दादा आणि विसरणं! अर्ध्या धारच्या मुंजी-लग्नांची सालं त्यांना तोंडपाठ. लोक आपापली वंशावळ विचारायला त्यांच्याकडे यायचे, कागद न उघडता ते सात पिढ्या सांगायचे. आयुष्यात त्यांना गर्व होता तो एवढाच. तो त्यांनी त्या खाटेवर, डॉक्टरांसमोर आणि नर्सेससमोर, काढून ठेवला. डॉक्टरांचा आवाज लगेच मऊ झाला. ते भावाला म्हणाले, "ह्यांच्या हातात गोळ्या देऊ नका. समोर उभं राहून गिळायला लावा."

त्यानंतर ते तीन वर्षं जगले. आई दोन्ही वेळा तळहातावर गोळी ठेवायची, ते तोंड उघडून दाखवायचे. भावाने स्कूटरची किल्ली लपवली, कुठे जाऊन रस्ता विसरले तर? बँकेत जाणं बंद झालं. वंशावळी विचारायला येणारेही हळूहळू थांबले, कारण म्हाताऱ्याचं डोकं आता राहिलं नाही, असं गावात झालं होतं. एकदा जेवताना ते म्हणाले, आत्याच्या सासरची मंडळी आधी बागलीला होती, मग देवासला आली. भाऊ हसला. "उलट, दादा. असू द्या, नाही आठवत तर राहू द्या." दादांचं बरोबर होतं. मला माहीत होतं, लहानपणी मी बागलीच्या त्या घरी राहून आले होते. दादांनी मान खाली घालून भात कालवला. मी कोशिंबीर वाढत होते, ती वाढत राहिले.

रसाचं काम मी सोडलं होतं. ताईंना सांगितलं, वडील आजारी असतात. कॉलनीत आणखी कुणी माझ्या शब्दावर गोळ्या बंद केल्या होत्या का, हे विचारायला मी एकाही घरी गेले नाही.

दादांशी मी ह्यावर एकदाच बोलले. दुपारी आई झोपली होती, भाऊ बाहेर गेलेला. मी म्हटलं, "दादा, मी सगळ्यांना खरं सांगून टाकते."

"काय सांगणार? सासरी तोंड दाखवायचंय ना तुला?"

"पण लोक तुम्हाला..."

"विसरलो म्हटलं ना मी? झालं." आणि त्यांनी पेपर उघडला.

मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटेल अशी मी वाट बघितली, पण ती काही आली नाही. अजून आलेली नाही. दुखणाऱ्या दाताला भूल दिली की गालावर नुसतं जड वाटतं ना, तसं काहीतरी आहे.

दादा गेले तेव्हा भेटायला बरीच माणसं आली. त्यांच्या कचेरीतले एक वृद्ध सहकारी काठी टेकत आले, सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "शेवटी शेवटी फार विसरायचे, असं ऐकलं. काय स्मरणशक्ती होती हो त्यांची! नियतीनं नेमकी तीच काढून घेतली."

भाऊ म्हणाला, "हो ना."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटले.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुला तरी ओळखायचे ना, बाळ?"

मी म्हटलं, "कधी कधी."