राब माळाच्या बाजूने लागला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुलभालाही नाही — आणि माझ्या बायकोला मी दुकानात कोणतं गिऱ्हाईक काय बोललं तेसुद्धा जेवताना सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही समोर बसलेले नाही आहात म्हणून.

कल्याणला माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढायचा, काचा बसवायच्या, सैल झालेल्या दांड्या आवळून द्यायच्या. आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून शहापूर-मुरबाडच्या बाजूला सुटायचं. दिवाळी, नाताळ, मे महिना. फोटो काढायचे ते फक्त सूर्य उगवताना आणि मावळताना. मधल्या वेळात मी झोपतो. सुलभा म्हणते, ह्या माणसाने माझा एकही फोटो असा काढला नाही ज्यात मी ओळखू येते, सगळीकडे मी आपली काळी. तिचं खरं आहे. सूर्याकडे तोंड करून फोटो काढला की मधला माणूस काळाच येतो.

सूर्य रोज उगवतो, रोज मावळतो. त्यात माझं कर्तृत्व काय? पण एखादा फोटो चांगला आला की मला वाटतं तो मीच उगवायला लावला. स्वभावच तसा आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते दरवेळी हौस करणाराच मोजतो असं नाही.

आधी मी शहापूरलाच जायचो. माहुलीचे सुळके इतक्या वेळा टिपलेत की आता तेच मला ओळखत असतील. मग एकदा बबन दुकानात आला. मुरबाडच्या एका कंपनीत कामाला, चष्म्याची दांडी तुटलेली. भिंतीवरचे माझे फोटो त्याने पाहिले आणि म्हणाला, हे कायच नाय, आमच्याकडं या एकदा. त्याचा पाडा धसईच्या पुढे, समोर सिद्धगड. त्या दिवाळीला मी आणि सुलभा गेलो आणि पुढे जातच राहिलो. पडवीत झोपायचं, पहाटे उठून सिद्धगडामागून येणारा सूर्य, संध्याकाळी माळापलीकडे जाणारा. सुलभाची बबनच्या बायकोशी, मंगलशी, गट्टी जमली. आणि मला भेटले कान्हूबाबा, बबनचे वडील.

पहिल्याच दिवाळीला मी तपासणीच्या काचांचा डबा घेऊन गेलो होतो. पडवीत अक्षरांचा तक्ता टांगून सगळ्या पाड्याचे डोळे तपासले. बाबांना चष्मा करून दिला. तेव्हापासून तिथे मला सगळे डॉक्टर म्हणायला लागले. मी डॉक्टर नाही. तसं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ऐकायला बरं वाटायचं — आणि कुणाचं काय जात होतं?

बाबांना माझी गंमत वाटायची. मी तिपाई लावून उभा राहिलो की ते बिडी ओढत शेजारी येऊन उकिडवे बसायचे. "रोज त्योच सूर्य, डॉक्टर. कालचा फोटो बिघाडला का काय?" मला त्यांचा राग यायचा नाही. त्या पाड्यावर मला हसणारा तो एकच माणूस होता, बाकीचे मला मान द्यायचे.

बाबांना मान होता तो वेगळा. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या अंथरून वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. ह्याला राब म्हणतात. त्या पाड्यावर भावकीतले सगळे राब बाबांच्या हातून लागायचे. का, ते कुणी सांगत नसे. त्यांच्या हाताने लावलेला राब सारखा भाजतो, एवढंच. प्रत्येक घरचा माणूस आपला राब तयार झाला की येऊन त्यांना सांगायचा, आणि बाबा कानावर बिडी आणि खिशात काडेपेटी ठेवून निघायचे. नवरदेवाच्या मामासारखे चालायचे त्या दिवसांत.

आता राब लावायचा कसा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वारा जिकडे चाललाय त्या टोकाकडून पेटवायचा. म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर, हळूहळू सरकत जाते, जमीन नीट भाजते. वारा येतो त्या बाजूने पेटवलं की आग एका दमात पळत सुटते. जमीन कच्ची राहते आणि ठिणग्या कुठे जातील त्याचा नेम नाही. हे लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

मी भोवतीच फिरतोय, नाही का? सांगतो.

त्या मे महिन्यात बबनचा स्वतःचा राब लागायचा होता. बबन कामावरून यायचा होता, सुलभा आणि मंगल घरात पापड वाळत घालून गप्पा मारत होत्या. शेतावर मी आणि बाबा दोघंच. सूर्य माळावर टेकत आला होता, मोठा, लाल, डोळ्यांनी बघता येईल असा. वाराही माळाकडूनच गावाकडे येत होता. बाबा गावाच्या टोकाला बसून होते. वारा पडू दे, मग लावू, म्हणाले. वारा पडणार दिवेलागणीला. तोवर माझा सूर्य बुडणार.

मी म्हणालो, बाबा, आत्ताच लावा ना. आणि इकडून नको. तिकडून लावा, माळाच्या बाजूने. सूर्याच्या बरोबर खाली जाळ यायला हवा.

ते हसले. तसा नाय लावत, डॉक्टर. मी म्हणालो, एवढं झाडून घेतलंय चारी बाजूंनी, काय होतंय? एकदा माझ्यासाठी. ते जागचे हलले नाहीत. मग मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, तुमच्या हाताला ऐकत नाही अशी आग आहे का कुठे?

अशा वाक्याने म्हातारा माणूस उठतो. मला ते माहीत होतं.

बाबा वळसा घालून माळाच्या बाजूला गेले, वाकले, काडी ओढली. आणि मला हवा होता तस्सा फोटो मिळाला. खाली जाळ, वर सूर्य, मधे वाकलेला काळा माणूस. मी आयुष्यात त्याहून चांगला फोटो काढलेला नाही. मग आग पळाली. राबाच्या गावाकडच्या अंगाला हरीची उडवी होती. हरी बबनचा चुलतभाऊ. त्याच्या बैलांचा सगळ्या पावसाळ्याचा पेंढा त्या उडवीत रचलेला. झाडून घेतलेल्या पट्ट्यावरून ठिणग्या उडून गेल्या आणि उडवीच्या शेंड्याला धूर दिसला. बाबा निरगुडीची फांदी मोडून धावले, ओरडले. मी आधी तिपाई उचलून बाजूला नेली. नंतर, पेटलेल्या उडवीचेही फोटो काढले — दोन-चार तरी काढले. मग धावलो. गाव हंडे घेऊन आलं तेव्हा मीही एका हंड्याला हात लावला. उडवी बुडापर्यंत गेली.

सकाळी भावकी ओट्यावर जमली. हरी रागाने खाली बसायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं एकच होतं: बाबानं राब उलटा लावलाच कसा? कालच्या पोरानं लावला असता तर दोन थोबाडीत देऊन सोडला असता. पण बाबानं? बबन मान खाली घालून बसला होता. बाबा म्हणाले, "डॉक्टरनी सांगितला म्हून तिकडनं लावला. त्यांना इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुलभाही दारात उभी होती.

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. 'हो, मी सांगितलं.' जास्तीत जास्त काय झालं असतं? हरी चार शब्द बोलला असता. पेंढ्याची काही तरी सोय मी करू शकलो असतो. पाहुणा मूर्ख निघाला, एवढंच गावाने म्हटलं असतं, आणि ते खरंच होतं. पण मला तिथे डॉक्टर म्हणत होते. मला मूर्ख व्हायचं नव्हतं. पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच पडवीत यायचं होतं.

मी म्हणालो, "नाही. मी असं काही म्हटलं नाही. मी सामान आवरत होतो, माझं लक्ष नव्हतं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण बाबा माझ्याकडे बघत होते, मी करून दिलेल्या चष्म्यातून. मला भीती वाटली की माझ्यावर विश्वास बसलेला नाही. म्हणून मी पुढे म्हणालो, "बाबांना संध्याकाळचं आता नीट दिसत नाही. नंबर मीच काढलाय. ह्या वयात दिशा कळत नाही कधी कधी, गोंधळ होतो. त्यांना बोलू नका."

त्यांना बोलू नका. हेही मीच म्हणालो, अगदी मायेने. हरीचा राग तिथल्या तिथे उतरला, कारण आंधळ्या माणसावर कोण रागावणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. पण मी संन्याशाला सुळीवर चढवलं आणि वर त्याच्यासाठी रदबदलीही केली. बबनने आपल्यातला अर्धा पेंढा हरीला दिला. सगळं मिटलं.

म्हणजे सगळ्यांचं मिटलं. पुढच्या वर्षीपासून भावकीचे राब हरी लावायला लागला. आणि मंगलने घरातली काडेपेटी फळीवर, डब्यामागे ठेवायला सुरुवात केली. बाबांच्या हाताला लागू नये म्हणून. तिची चूक नव्हती, घरात लहान पोरं, गवताने भरलेली पडवी, आणि डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं. त्यामुळे बिडी ओढायची झाली की बाबा दारात येऊन म्हणायचे, "काडी दे गो." मंगल हातातलं काम टाकून यायची, स्वतः काडी ओढायची, बिडी पेटवून द्यायची आणि पेटी घेऊन आत जायची. हे मी पाहिलंय. पडवीत चहा पिताना पाहिलंय.

तुम्ही विचाराल, मग तरी जायचं बंद केलंस का? नाही. नेमाने गेलो. उलट जाणं टाळलं तर संशय येईल असं वाटायचं. आणि दुसरं कारण लपवण्यात अर्थ नाही: सिद्धगडाचा सूर्योदय तिथून फार चांगला मिळतो.

एका दिवाळीला पहाटे मी तिपाई घेऊन निघालो तर बाबा ओट्यावर बसलेले, घोंगडी पांघरून. बोटांत बिडी, न पेटवलेली. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. मला म्हणाले, बसा जरा. मी बसलो. ते समोर बघत म्हणाले, "डॉक्टर, त्या टायमाला मी तुमचं नाव घेतलं चार मानसांत. माझ्याच डोस्क्यात कायतरी भरलं असन. तुमी बोलला नव्हतात. मला अजून तुमी बोललात असंच आठवतं, पन सगळी सांगतात तर माझंच चुकत असन. राग धरू नका."

पहिलं खोटं मी घाबरून बोललो होतो. लोक जमले होते, हरी होता. ह्या वेळी कोण होतं? आम्ही दोघं. अजून उजाडलंही नव्हतं. बाबांना मी खरं सांगितलं असतं तर ते कुणाला सांगायला गेले नसते, आणि सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं — ती सोय मीच करून ठेवली होती. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की त्यांना आठवतं ते खरं आहे का.

मी म्हणालो, "असू द्या, बाबा. वयानं होतं असं. मी कधीच विसरलो ते."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यांना बरं वाटलं, ते हसले. म्हणाले, जा आता, नायतर उजाडन. मी गेलो. कणसं पिकलेली नाचणी, वर सिद्धगड, फटीतून सूर्य. फोटो चांगला आला. दुकानात लावलाय, लोक कौतुक करतात. राबाचा फोटो मात्र कुणाला दाखवता येत नाही आणि पुसूनही टाकवत नाही.

बाबा गेले. दहाव्याला आम्ही दोघं गेलो होतो. मंगल डोळे पुसत म्हणाली, "लास्टला डोकंच चालत नव्हतं वो त्यांचं. काय काय बोलायचे. नजर तर आदीच गेलेली. तुमाला तर ठावंच हाय, डॉक्टर." सुलभाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी मान हलवली.

मला ठाऊक होतंच. नंबर मीच काढला होता. डाव्याला थोडा जास्त, उजव्याला कमी, मोतीबिंदू नाही. चष्मा घातला की उजेडात त्यांना सगळं स्वच्छ दिसायचं. आणि त्या संध्याकाळी उजेड भरपूर होता.