विहिणीच्या गावात एका पायावर

सगळ्यात आधी कोण आली असंल? विमल! स्वतःच्या नातीच्या बारशालेही पाळणा हलवून झाल्यावर पोचलेली ही माझी शेजारीण त्या दिवशी पहाटेच काटोलच्या स्टँडवर सतरंजी काखेत मारून उभी. वर मलेच म्हणते, "काहून वं, मले टाकून जात होती का?"

जायचं कारण सांगते. दिवाळीनंतर मी ओट्यावर पडली. नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरनं हाडाचा फोटो काढला. हाडं ठीक, म्हणे, तोल गेला; योगा करा. हाडाचं मले काही वाटलं नाही. पण तेव्हापासून लेक सुनंदा तिची तीन महिन्यांची चिमी मले उभ्यानं घेऊ देईना. "आधी बस, आई, मग देते." चार लेकरं कडेवर घेऊन चूल फुंकली मी! तिच्या नागपूरच्या घराजवळ बायांचा तीन दिवसांचा योगवर्ग होता. फी नाही, सतरंजी आपली.

बसमध्ये बायांले अर्ध तिकीट. दोन तास धरून चाला. बाहेर संत्र्याच्या बागा, पण माझं लक्ष नव्हतं. तिथं पडली तर? तेही लेकीच्या सासरी?

उतरल्यावर विमलनं पोहे खायले लावले, वर चण्याच्या रश्शाची लालभडक तर्री. तुम्ही ही चूक करू नका, वर्गानंतर खा. पहिल्यांदा वाकली आन् तर्री गळ्याशी आली.

वर्ग लेकीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. शिकवणारी पोरगी गोड. पण दाराशी खुर्ची टाकून आमचे व्याही पेपर वाचत बसलेले! त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर आजवर कधी सुटला नाही. बाकी बाया दोन्ही हात वर करून झाडासारख्या एका पायावर, आन् माझा एक हात पदरावर. गेला तोल. विमलनं दंड धरला म्हणून वाचली. दारात सुनंदा उभी होती. तिनं चिमीले उराशी घट्ट धरलं. तेच लागलं मले. जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंत सोडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई माझ्या बाजूले येऊन उभ्या. बाई कडक. मी पदर आणखी पुढं ओढला.

"विहीणबाई, पदर सांभाळता का तोल?"

"व्याही बसले आहेत ना," मी हळूच म्हटलं.

त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अहो, उठा तिथून! पेपर घरी नाही वाचता येत का?"

"मी तर पंख्याखाली बसलो होतो," म्हणत व्याही चष्मा सावरत निघाले. हॉलभर हसू. विहीणबाईनं स्वतःच्या हातानं माझा पदर कमरेले खोचला.

समोरच्या भिंतीतल्या खिळ्यावर नजर धरली. पाय लटपटला, पण हात दोन्ही वर. पोरगी मोजत होती, दहा श्वास. उभी राहिली मी!

सुनंदा आन् विहीणबाई मले सोडायले काटोलले आल्या, चिमी संग. तर्री बाधली की काय, विमल बसभर झोपून होती. घरी पोचल्यावर, जिथं पडली होती त्याच ओट्यावर सुनंदा थांबली. माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"पदर खोच आधी," म्हणाली. आन् चिमीले माझ्या हातात दिलं. मी उभीच होती.

भीती गेली नाही अजून. रोज सकाळी खिळा शोधते, पाय लटपटतोच. पण संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी विहीणबाई आन् सुनंदा चिमीले घेऊन हळदीकुंकवाले येतो म्हणाल्या आहेत. कॅलेंडरवर त्या रविवारले कुंकवाचं बोट लावून ठेवलं.